परतीचा पाऊस आणि दोन अल्टिमीटर

आधी माफी मागते. माझं अक्षर फार वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते सहीपुरतं. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी चुकून कुणाच्या हाती लागलंच तर चुका सोडून मतलबाचं तेवढं वाचा. माझ्या मुलीच्या, प्रज्ञाच्या, कॉलेजच्या कागदांची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर लिहितेय. पुढच्या बाजूला तिच्या रॉकेटच्या रेघा छापलेल्या आहेत. कागद पातळ आहे. त्या रेघा माझ्या अक्षरांच्या मधून वर चढताना दिसतात.

गणपती गेले की आमच्या बेलापूरची हवा बिघडते. सकाळी असं ऊन पडतं की दोरीवरचं फडकं बघता बघता कडक होतं. दुपारी खाडीकडून काळं येतं, चार थेंब टाकतं आणि निघून जातं. मग वाफ. भिंतीला पाठ टेकवत नाही. आमच्या खोलीच्या पलीकडे दिवाळे गावची चंद्राबाय बोंबील आणि जवळा वाळवते. या दिवसांत तिची दिवसभर नुसती उचल आणि पसर चाललेली असते. पसरलं की आभाळ भरतं, ताडपत्री टाकली की ऊन पडतं. ती आभाळाला शिव्या देते आणि मी आत कणीक मळताना हसते. आज सकाळी तिच्या शिव्या ऐकल्या आणि ते दिवस आठवले. आठवले म्हणजे काय, गेलेच नव्हते. दर वर्षी परतीचा पाऊस सुरू झाला की माझा जीव असाच वर-खाली व्हायला लागतो.

त्या वर्षी आमच्या घरातल्या एकुलत्या एक टेबलावर दोन अल्टिमीटर ठेवलेले असत. अल्टिमीटर म्हणजे उंची सांगणारं यंत्र. काडेपेटीपेक्षा थोडं लांब, हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगीएवढे काळे ठिपके आणि दोन वायरी. खारघरच्या कॉलेजातल्या मुलांनी रॉकेट बनवलं होतं. दिवाळीतलं नव्हे, माणसाच्या उंचीचं, खरोखर ढगाकडे जाणारं. त्याच्या पोटात हे यंत्र बसवतात. प्रज्ञाने मला समजावलं होतं, "मम्मी, जसजसं वर जावं तसतशी हवा विरळ होते. याला ते कळतं. हवा विरळ व्हायची थांबली की याला समजतं, आता आपण टोकाला पोचलो. मग हा ठिणगी देतो आणि पॅराशूट बाहेर फेकतो."

"आणि नाही समजलं तर?"

"तर जसं वर गेलं तसं खाली."

ते पॅराशूट मी शिवलं होतं. मी खारघरच्या एका टॉवरमध्ये तीन घरी स्वयंपाक करते, पण माझ्याकडे जुनी मशीन आहे, फॉल-पिको करते. प्रज्ञाने पतंगासारखं हलकं कापड आणून दिलं, केशरी आणि पिवळं. मी त्याच्या पाकळ्या कापल्या, कड आत दुमडून दोन-दोनदा टीप मारली, शिवण हाताने ओढून बघितली. पहिल्या उड्डाणाला मी गेले नव्हते. संध्याकाळी प्रज्ञा आली ती कापडाचा बोळा घेऊन. पॅराशूट उघडलं होतं, पण फाटलं होतं. मधोमध. रॉकेट शेतात घुसलं, त्याचे तुकडे झाले. नशीब, जवळ कुणी नव्हतं.

तिच्या गटातला अथर्व दारात उभा होता. चांगला मुलगा आहे, कधी काकू सोडून बोलत नाही. तो म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी आपण रेडिमेड घेऊ या का? म्हणजे तुमच्यावर लोड नको."

त्याने वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं. पण सगळ्यांना काय वाटतंय ते मला कळलं. प्रज्ञा खाली बघून बुटांचा चिखल काढत राहिली, ते जास्त लागलं. मी तो बोळा मशीनच्या खणात ठेवला. नंतर कितीदा तरी काढून पाहिला. फाटलेली जागा शिवणीच्या इतकी जवळ होती, की टीप सुटली म्हणून कापड गेलं की कापड गेलं म्हणून टीप सुटली, ते मलाच सांगता येईना. कुणाचा ब्लाउज शिवायला घेतला तरी पायडलवर पाय थांबायचा. वाटायचं, ही टीप तरी धरेल का?

प्रज्ञाचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढचं उड्डाण दिवाळीच्या आधी, आणि ते झालं की गट मोडणार होता. या वेळीही रॉकेट पडलं तर तिच्या हातात कॉलेजची चार वर्षं आणि दोन फुटकी नळकांडी राहणार. आणि माझ्या हातात ती शंका, कायमची.

तेव्हा घरात दुसरं बोलणंच नव्हतं. कुठला अल्टिमीटर घ्यावा? प्रज्ञा जेवताना एका हाताने मोबाइल धरून बघत बसायची. एक स्वस्त होता, पण उड्डाणाची नोंद थोडीच ठेवणारा. एक सीनियर मुलाचा वापरलेला होता, पण तो कितीदा आपटला होता ते त्यालाच ठाऊक. एक बाहेरच्या देशातून मागवायचा, महाग. मी म्हणाले, महाग तो चांगला असेल. तर म्हणाली, "असं नसतं मम्मी. किमतीवरून नाही ठरत. एकच गोष्ट दहा वेळा विचारली तर दहा वेळा तेच उत्तर देईल, तो भरवशाचा." मी भाकरी थापत होते. मनात आलं, अशी माणसं तरी किती असतात!

पहिल्या रॉकेटमधला जुना अल्टिमीटर वाचला होता. कॉलेजच्याच मुलांनी जुळवलेला. गटाचं म्हणणं होतं, तोच वापरू, त्याने तर पॅराशूट उघडलं होतं, त्याचा काय दोष? प्रज्ञाला नवा हवा होता. कॉलेजने सांगितलं, या वर्षीचे पैसे संपले, तुम्ही घ्या, बिल द्या, पुढे बघू. त्या "पुढे बघू"च्या भरवशावर आधी पैसे घालायला गटातलं कुणी तयार होईना.

मला कुणाकडे काही मागता येत नाही. लहानपणापासूनच. आमच्याकडे परभणीला असताना शेजारी ताक मागायला पाठवलं तरी मी उंबऱ्याशी उभी राहून परत यायचे. पण त्या दुपारी मी चंद्राबायपाशी जाऊन बसले आणि न सांगता तिच्याबरोबर जवळ्यातला कचरा निवडायला लागले.

"काय गो शोभे, तोंड का सुकलंय?"

"काही नाही."

"काय नाय कशाला? तुजे तोंडातून शबूद काढायचा म्हंजे खडकावरशी कालवं सोडवाची. बोल."

मी पैशाचं बोलले. कशाला, ते तिने विचारलं आणि मला जमेल तसं सांगितलं. वर गेलं की किती वर गेलं ते सांगतं.

"आगो, वर बगितला का दिसतं ना! त्याला पैशे कशाला?"

"टोकाला पोचलं की छत्री उघडतं. नाही तर धोंड्यासारखं कुणाच्या डोक्यात पडेल."

तिचा हात थांबला. तिने तोंडातली मिश्री बाजूला थुंकली. "म्हंजे नांगर कवा टाकाचा त्याची अक्कल हाय त्याला. मंग घे. खराब नांगरावर होडी कोन सोडतं?" उठली, आत गेली, पदराखाली पैसे घेऊन आली. "याज-बीज काय नको. पन दर म्हैन्याला तोंड दाखवाचा. लपाचा नाय."

नवा अल्टिमीटर आला तेव्हा आभाळ भरलेलं होतं. प्रज्ञाने दोन्ही यंत्रं टेबलावर शेजारी ठेवली, लॅपटॉपला जोडली आणि मला हाक मारली. कुणी हात लावलेला नाही, टेबल हललेलं नाही, तरी आकडे सरकत होते. हवा जड-हलकी झाली की त्यांना वाटतं आपणच चढलो, आपणच उतरलो. बाहेर पाऊस आला आणि दोघंही जागच्या जागी वर निघाले. मी किती तरी वेळ बघत उभी राहिले. माणसाचंही असंच असतं, मनात आलं. चूल तीच, खोली तीच, आणि आतून कुठल्या कुठे.

परीक्षा घ्यायची कशी? उडवल्याशिवाय उंची कुठली आणायची? त्यावर अथर्वनेच युक्ती काढली. मी ज्या टॉवरला जाते तो खारघरमधल्या उंच टॉवरपैकी एक. लिफ्टने खालून वर जायचं, खाली यायचं. यंत्रं आपापली नोंद ठेवतील. मला फक्त ती पिशवीतून न्यायची होती. वॉचमन मुलांना आत सोडत नाही, मला रोज सोडतो.

पाऊस होता. प्रज्ञा म्हणाली, "नवावाला भिजता कामा नये, घट्ट झाकणाचा डबा घे." माझ्याकडे चार बाजूंनी खटके असलेला एकच डबा होता, त्यात मसाला ठेवते, म्हणजे सर्दावत नाही. तो धुऊन, पुसून, उन्हाला दाखवून त्यात नवा ठेवला. जुना पोळ्यांच्या चेपलेल्या डब्यात. त्याचं झाकण कधीच नीट बसत नाही.

त्या दिवशी तीन घरचा स्वयंपाक करताना माझं लक्ष पिशवीत होतं. एका घरी आमटीत मीठ दोनदा पडलं. संध्याकाळी प्रज्ञाने लॅपटॉप उघडला. जुन्याची रेघ जिन्यासारखी सुरेख चढलेली, वरती थांबलेली, उतरलेली. नव्याची रेघ जमिनीवर झोपलेली. सरळ. जणू तो घराबाहेर पडलाच नव्हता.

प्रज्ञाने वायर काढून परत जोडली, रेघ तीच. मग अथर्वला फोन लावला. "हां. डेड आहे. नाही, जुनाच लावावा लागेल." फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "परत पाठवू म्हटलं तरी दिवाळी उलटेल."

मला चंद्राबायचा पदर दिसत होता, त्याखालचे पैसे. आणि दुसरंही मनात येत होतं. जुनं यंत्र बरोबर ठरलं, म्हणजे मग चूक कुणाची उरली? खणातल्या त्या बोळ्याची. माझ्या टिपेची.

दोन दिवस असेच गेले. मी त्या डब्यात परत मसाला भरायला घेतला. खटके उघडले तसा फस् असा आवाज झाला. नेहमीच होतो. प्रज्ञा केस विंचरत होती, ती वळली. तिने डबा माझ्या हातातून घेतला, खटके लावले, उघडले, परत लावले. मग खाली बसून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"अगं, काय झालं?"

"मम्मी, याला हवाच लागली नाही! खालची हवा आत कोंडून आपण त्याला वर नेलं. त्याला कसं कळणार तो वर गेला? अगं, रॉकेटला मीच स्वतः भोकं पाडलीत ना हवा आत जायला! आणि मीच तुला सांगते घट्ट झाकण लाव!"

"मग तो चांगला आहे?"

"माहीत नाही. पण त्याला आपण विचारलंच नव्हतं अजून."

त्याच दिवशी मी जुन्या मच्छरदाणीच्या दोन पिशव्या शिवल्या. हवा खेळेल अशा.

जाळीतून हवा आत जाते तसा आवाज बाहेरही येतो, हे लक्षात आलं नाही. ही यंत्रं मधून मधून टुक टुक वाजतात, जागे आहोत म्हणून सांगतात. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर एक साहेब होते, हातात कुत्र्याची साखळी. कुत्रं माझ्या पिशवीकडे मान वाकडी करून बघायला लागलं.

"बाई, तुमचा फोन वाजतोय."

"फोन नाही."

"मग काय आहे?"

मजला येईपर्यंत मी लिफ्टच्या फटीकडे बघत राहिले. काम आटोपून खाली आले तर गेटवर वॉचमन वाट बघत होता. रोज राम राम करणारा माणूस, आज चेहरा वेगळा.

"मौसी, थैला दिखाओ."

त्याने जाळीतून दोन्ही यंत्रं काढली. वायरी, बॅटरी, टुक टुक. लख्ख ऊन पडलं होतं, तो ती तळहातावर धरून उन्हात उभा राहिला, उलटीपालटी करून बघायला लागला. मग सावलीत सरकला, सेक्रेटरींना फोन लावला, परत उन्हात आला. येणारेजाणारे थांबले. एक बाई दुसरीला म्हणाली, "हल्ली कुणाचा भरवसा धरावा?" कान इतके तापले की त्यांना हात लावला तर भाजेल असं वाटलं. तीन घरं जाणार. उद्यापासून काय?

"माझ्या मुलीचं आहे," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "ती इंजिनीअर होतेय. रॉकेट बनवते. उंची मोजायचं यंत्र आहे. तुमची बिल्डिंग उंच आहे म्हणून आणलं. दुसरी उंच जागा मला कुठे माहीत आहे?"

सेक्रेटरी आले, ज्यांच्याकडे मी स्वयंपाक करते त्या वरच्या मॅडमना फोन झाला, मॅडमनी सांगितलं, खरं आहे, मुलगी कॉलेजात आहे. सेक्रेटरी हसले. म्हणाले, विचारून आणायचं, बाई. वॉचमनने यंत्रं परत जाळीत ठेवली, अंडी ठेवावीत तशी. मी बसमध्ये बसले आणि दोन्ही यंत्रं पिशवीत आहेत ना ते तीनदा चाचपून बघितलं.

घरी प्रज्ञाने दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. चढताना दोन्ही सारख्या. नवा अगदी मजल्यागणिक थांबत गेलेला. मग शेवटी तिने बोट ठेवलं. "हे काय? इथे तू खाली आली होतीस ना?"

"हो. गेटवर."

"मग जुना एकदम वर कसा गेला? आणि लगेच खाली. आणि परत वर. नवा बघ, जागेवर आहे."

मी वॉचमनचं सांगितलं. तिने अर्ध्यातच विचारलं, "कुठे उभा होता तो? उन्हात?"

"उन्हात. मग सावलीत. मग परत उन्हात."

तिने मोबाइलची बॅटरी लावून जुन्यावर उजेड धरला. आकडा उडी मारून वर गेला. उजेड काढला, आकडा खाली. लावला, वर. नव्यावर धरला, काही नाही. शांत.

ती उठली, रॉकेटची नळी घेऊन आली, तिला पाडलेल्या भोकाला डोळा लावला. "इथून," ती म्हणाली. "फिरत फिरत वर जातं ना ते. भोकातून ऊन आत आलं तसं त्याला वाटलं खूप वर आलो. ऊन सरकलं, त्याला वाटलं खाली यायला लागलो. अर्ध्या वाटेत, एवढ्या वेगात असताना त्याने पॅराशूट फेकलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मी, त्या वेगात कुठलंही फाटलं असतं. तुझी टीप नव्हती."

मी उठले. बाहेर गेले आणि चंद्राबायच्या बोंबलांवर ताडपत्री ओढायला लागले. ती ओरडली, "आगो, ऊन हाय! काय करतेस?" मी परत काढली.

जुना फेकला नाही त्यांनी. त्याच्या डोळ्यावर, म्हणजे हवा घेणाऱ्या बारीक छिद्रावर, काळ्या फोमचा तुकडा लावला आणि त्याला दुसऱ्या नंबरावर ठेवला. नवा चुकलाच तर हा. अथर्वने रेडिमेडचं नाव काढलं नाही. उलट, कापड स्वतः घेऊन आला आणि स्टुलावर बसून मी टीप मारताना बघत राहिला. "काकू, ही कड आत का घेता?" मी सांगितलं. त्याने फोटो काढला.

उड्डाणाला या वेळी गेले. घाटाखालच्या माळावर. सगळे हेल्मेट घालून लांब उभे, मी त्यांच्याही मागे, टेम्पोच्या सावलीत. गवत अजून ओलं होतं आणि वर ऊन. असा आवाज झाला की छातीत हललं. पांढरी रेघ वर गेली, बारीक झाली, दिसेनाशी झाली. मग काहीच नाही. मला वाटलं आभाळाने गिळलं. मी श्वास धरून होते आणि हाताने पदराची शिवण चाचपत होते. अथर्व ओरडला, "तिकडे! तिकडे!" आणि मला दिसलं. केशरी-पिवळं, नखाएवढं. मग पणतीएवढं. मग ताटाएवढं. हलत, डुलत, कसलीही घाई न करता.

धावत गेलो. गवतात कापड पसरलं होतं, सगळ्या पाकळ्या शाबूत, आणि नळीच्या आतून टुक टुक टुक आवाज येत होता. प्रज्ञा म्हणाली, "ऐक, मम्मी. किती उंच गेला ते सांगतोय. मोज." मी मोजायला लागले, पण मध्येच आकडा विसरले. गुडघ्यावर बसून नुसतं ऐकत राहिले.

पुढे गट मोडला. प्रज्ञा पुण्याला नोकरीला लागली. कॉलेजने बिलाचे थोडे पैसे दिले, बाकीचे "पुढे बघू"मध्येच राहिले. ती म्हणाली, मी एकदम देऊन टाकते. मी नाही म्हणाले. उसने मी घेतले होते. कॉलेजचे आले तेवढे चंद्राबायला दिले, उरलेले मी माझ्या स्वयंपाकाच्या पैशांतून फेडत आले. एखादा महिना फारच थोडे द्यायचे, पण तोंड दाखवायला गेले नाही असं झालं नाही.

आज सकाळी चंद्राबाय आभाळाला शिव्या देत होती तेव्हा शेवटचे पैसे घेऊन गेले. तिने घेतले, कपाळाला लावले, कमरेच्या पिशवीत खोचले.

"फिटलं गो. आता काय नाय तुज्याकरं."

मी लगेच उठले नाही. जवळा चांगला वाळला होता. कसा दिलास, विचारलं. तिने भाव सांगितला. एवढ्या वर्षांत ती सांगेल तो भाव मी मुकाट्याने दिला होता. उसने घेतलेल्या बाईशी घासाघीस कुठल्या तोंडाने करणार?

"एवढा?" मी म्हणाले. "बाजारात याच्यापेक्षा कमी आहे. आणि हा खालचा ओला आहे, दिसतंय मला."

चंद्राबाय कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग दात काढून हसली. "बगा हो! सगलं पैशे फिटलं तं हिला वाचा फुटली." आणि तिने भाव उतरवला, पण मी म्हटला तितका नाही.